जोड्या लावा

कुलूपवाल्यानं स्वतःच्याच घरातलं कुलूप तारेनं उघडायला घेतलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि बायको कामावर होती.

धंद्यात त्याचा एकच नियम होता. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. या नियमापायी त्यानं हातची बरीच गिऱ्हाइकं घालवली होती. पण आजची गोष्ट वेगळी आहे, असं त्यानं स्वतःला बजावलं. गेले दोन महिने बायको दर मंगळवारी आणि शुक्रवारी हॉस्पिटलातून उशिरा येत होती. विचारलं तर म्हणे, "काम होतं." आणि कपाटातला खालचा कप्पा, जो जन्मात कधी बंद नसायचा, त्याला आता किल्ली लागत होती. तिचं लग्नाआधीचं जुनं कपाट, किल्लीही एकच, आणि ती तिच्या पर्समध्ये. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती थांबायलाच तयार नव्हती.

कुलूप फार जड चालत होतं. त्यानं हातासरशी तेलाचे दोन थेंब सोडले आणि मिनिटभरात कप्पा उघडला. ही तेलाची सवय त्याच्या बोटांची होती, डोक्याची नव्हे. आत ना कुणाचं पत्र, ना कुणाचा फोटो. फक्त एक शंभर पानी वही, आणि वहीत सगळं इंग्रजी.

त्याचं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. त्यानं पानाच्या मध्यावरच फोन धरला आणि फोननं भराभर अर्थ सांगायला सुरुवात केली. गेन म्हणजे मिळवणे. ऑब्टेन म्हणजे मिळवणे. अक्वायर, अटेन, अचीव्ह, पुन्हा तेच. स्कोअर म्हणजे गुण मिळवणे. विन म्हणजे जिंकून मिळवणे, अर्न म्हणजे कमावून मिळवणे.

हिला मिळवायचंय तरी काय, की त्यासाठी आठ-आठ शब्द लागावेत?

उत्तर पुढच्याच रकान्यात होतं. ऑब्टेन, व्हिसा. गेन, फ्रीडम. विन, केस. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य, असं फोन म्हणाला. व्हिसा आणि केस समजायला फोनची गरज नव्हती. म्हणजे बाईसाहेबांनी वकील गाठलाय. आधी केस जिंकायची, मग मोकळं व्हायचं, मग विमानात बसायचं. आणि आपण बसलोय चार दिवस कप्पा उघडू की नको करत! तो पलंगाच्या कडेवर टेकला. बायकोचं इंग्रजी अक्षर इतकं सुरेख झालंय हे त्याला आजच कळत होतं, आणि त्याचाही त्याला राग आला.

जिन्यात चपला वाजल्या. त्यानं वही होती तशी ठेवली, तारेनं कप्पा पुन्हा लावला आणि तार खिशात कोंबली.

"अगंबाई, तुम्ही घरी?" बायको दारातच थांबली. "दुकान?"

"डोकं दुखतंय. तू कशी लवकर?"

"अर्धी रजा टाकली."

तिनं पर्समधून किल्ली काढली आणि कप्प्याला लावली. रोज दोन्ही हातांनी फिरवावी लागणारी किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. ती थबकली. तिनं किल्ली उलटी फिरवली, पुन्हा सुलटी फिरवली, मग बोटं नाकाशी नेली.

"तेल घातलंत," ती म्हणाली.

पकडली गेलेली माणसं करतात तेच त्यानं केलं. आवाज चढवला.

"वकील कोण तुझा? नाव सांग!"

"कसला वकील?"

"केस जिंकायचीय ना? व्हिसा काढायचाय, स्वातंत्र्य पाहिजे. वाचलंय मी सगळं!"

तिनं वही काढली आणि पानावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं वरच इंग्रजीत लिहिलंय, जोड्या लावा. क्लासला जाते मी, इंग्रजीच्या. हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर एक जागा निघतेय, तिथं इंग्रजी विचारणार आहेत. आयुष्यभर का बेडपॅन उचलू? कुठल्या शब्दाला कुठला शब्द लागतो, तो अभ्यास दिलाय मॅडमनी."

"मग चोरून कशाला? कुलूप कशाला?"

"दुकानाची इंग्रजी पाटी मी लिहिली होती, आठवतंय? एक अक्षर चुकलं, तर महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून हसत होतात."

त्याला आठवलं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही झालं. चुकलो, एवढं एकच म्हणायचं होतं. पण तोवर त्याची नजर पानाच्या तळाशी गेली होती.

"ही एकच जोडी कोरी का?" त्याचा आवाज पुन्हा चढला. "ट्रस्ट. ट्रस्ट म्हणजे विश्वास ना? बाकी सगळं लिहिलंस, मग हेच कसं राहिलं?"

"त्याला तीन शब्द चालतात," ती शांतपणे म्हणाली. "विन, गेन, अर्न. जिंका, मिळवा नाहीतर कमवा. मॅडम म्हणाल्या, कुठलंही एक लिहा."

"मग लिहायचं ना एक!"

तिनं पर्समधलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वहीसकट त्याच्या हातात दिलं.

"तेवीस वर्षं मी तिन्ही करून बघतेय. कुठलं लागू पडलं, ते तुम्हीच लिहा."