काळीचं दूध

किरणोत्सर्गापासून कसं जपावं हे शिकवायला शहरातून येणाऱ्या नुरगाझीने आम्हा बायकांच्या दुसऱ्या महिन्याच्या वर्गात पहिल्यांदा हेच विचारलं, "युरेनियम खाणीच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर, तारेच्या कुंपणापलीकडे चरलेल्या गाईचं दूध पोरांना देऊ नका, असं मागच्या महिन्यात सांगितलं होतं. कोणी पाळलं?"

एकटा माझाच हात वर गेला. माझी काळी गाय कितीही हाकला, तार ओलांडून तिथेच जाते.

"त्या दिवसापासून नातवंडांना काळीचा थेंब दिला नाही. लाल गाय डोंगरावर चरते, तिचंच देते."

"शाबास, आपा!"

"बघा, आपा आता मुल्लाच्या आधी नुरगाझीचं ऐकायला लागल्या!" मागून कोणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

"मग काळीचं दूध ओतून टाकता?"

"छे रे बाळा! दूध मातीत ओतलं की पाप लागतं."

"मग ते जातं कुठे?"

शेजारी बसलेली विधवा सैराकान माझ्या मदतीला धावली. "आपांच्या घरात काही वाया जात नाही. महिनाभर रोज पहाटेची नमाज झाली की माझ्या लेकींसाठी चरवी भरून दूध आणतात. नको म्हटलं तर म्हणतात, अल्लाच्या नावाने आहे, घे..."

बोलता बोलता ती थांबली. माझी बाही धरून तिने हळूच विचारलं, "आपा, ते लाल गाईचं ना?"

गुरुवार होता, आणि दर गुरुवारी माझा रोजा असतो. रोजा असताना मी खोटं बोलत नाही.