कोरी पाटी

"आजोबा, एवढी घाई? आरोपी अजून बोलायचाय," शेजारचा पंच कुजबुजला.

तोवर माझा अंगठा फिरला होता. रोमच्या त्या न्यायसभेत आम्हा पंचांच्या हाती मेण लावलेली एकेक पाटी होती. एका बाजूला 'निर्दोष'चं अक्षर, दुसऱ्या बाजूला 'दोषी'चं. नको असेल ते पुसायचं. फिर्यादीचा वक्ता असा काही बरसला, की आरोपी नुमेरियसने शत्रूला वेस उघडून दिली हे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं मला वाटलं. मी 'निर्दोष' पुसलं.

मग नुमेरियस उठला. बोलणं त्याला येत नव्हतं. "विहीर वेशीबाहेर होती," तो म्हणाला. "आत पोरं तहानेने रडत होती. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. मी दार उघडलं. शत्रू झाडीत दबा धरून आहे, हे ठाऊक नव्हतं." एवढंच बोलून तो खाली बसला.

ते खरं होतं. मी नखाने अक्षर पुन्हा कोरू लागलो, पण मेण पार निघून गेलं होतं. खाली नुसतं लाकूड. मतदानाची हाक आली. निदान माझ्या मताने तो मरू नये, म्हणून मी दुसरी बाजूही पुसली.

मोजणी झाली. निर्दोष पंचवीस, दोषी सव्वीस. मतं समसमान झाली असती तर तो सुटला असता.

"आणि ही एक कोरी!" अधिकाऱ्याने पाटी उंच धरली. "कोणा शहाण्याला मतच नव्हतं?"

सगळे हसले. उठून खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण बोलणं मलाही कधी आलं नाही.

मीही हसलो.