नीलांबरीचं पहिलं उड्डाण

उन्हाळ्यात त्या स्की रिसॉर्टवर पॅराग्लायडिंग शिकवायचे. आज नीलांबरी पहिल्यांदाच एकटी उडत होती. नोव्हाय शहरातल्या एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारी ही बाई एरवी उंच पुलावरून ड्राइव्ह करतानाही घाबरायची. तिचा नवरा मनोहर खाली कुरणात श्वास रोखून उभा होता.

मधेच वारा वाढला आणि तिचं पॅराग्लायडर एका बाजूला कललं. इन्स्ट्रक्टरनं रेडिओ तोंडाशी नेला. पण तो काही सांगायच्या आतच नीलांबरीनं ते सावरलं आणि ऐटीत वळण घेतलं. लख्ख उन्हात तिची सावली डोंगरउतारावरून सरकत गेली. खाली सगळे टाळ्या वाजवू लागले.

ती अलगद उतरली. मनोहर धावत तिच्याजवळ गेला.

"काय उडालीस यार! भीती नाही वाटली?"

"अजिबात नाही," ती हसली.

पॅराग्लायडरचं कापड गवतावर पसरलं होतं. टाळ्या मात्र थांबेनात. मनोहरनं वळून पाहिलं. सगळे डोंगराकडे बघत होते. उतारावर ती सावली अजून तशीच डौलात वळणं घेत होती. वर आकाशात कुणीच नव्हतं.

नीलांबरीनं त्याचा हात धरला.

"किती सुंदर उडतेय ना ती!" ती हळूच म्हणाली.