आजची भाजी

"आजची भाजी झकास झाली होती हं," नवरा घरात पाऊल टाकता टाकता म्हणाला आणि ती जागच्या जागी थिजली. सकाळच्या गडबडीत डबा भरायचाच राहून गेला होता. भाजी अजून ओट्यावर, कढईत तशीच होती. नवरा रिकामा डबा घेऊन गेला होता.

"खरं सांग, माझा डबा कोण खातं?"

त्याचा चेहरा उतरला. "आई. जाताना तिच्याकडे देतो, येताना घेऊन येतो. कसा होता ते ती सांगते आणि मी तुला."

सासूबाई! दोघींचं कडाक्याचं भांडण झाल्यावर त्या वेगळी खोली घेऊन राहत होत्या. 'तुझ्या हातचा घासही खाणार नाही,' असं तोंडावर सांगून गेल्या होत्या.

तिने भाजी गरम केली, डब्यात भरली आणि चपला अडकवून एकटीच निघाली. सासूबाईंनी दार उघडलं.

"आई, डबा तर रिकामा होता," ती म्हणाली. "मग भाजी झकास झाली, असं का सांगितलंत?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "मला वाटलं, तुला कळलं आणि तू मुद्दाम रिकामा पाठवलास. त्याला खरं सांगितलं असतं, तर घरी येऊन तुला बोलला असता गं."