राजाचं स्वगत

तिसरी घंटा झाली, तरी लेफ्तेरिस विंगेतल्या खुर्चीवरून उठायला तयार नव्हते. डोक्यावर मुकुट, अंगात जरीचा झगा आणि तोंडावर अभ्यास न करता परीक्षेला आलेल्या पोराचा भाव.

"बेटा, मले काहीच आठवून नाही राहिलं," ते सुनेला म्हणाले.

सून म्हणजे गार्गी, नाटकाची दिग्दर्शिका. सासरे मूळचे अथेन्सचे. उभं आयुष्य रंगभूमी आणि सिनेमा गाजवलेला हा नट तिथल्याच एका प्रयोगात, भरल्या थिएटरात, राजाच्या स्वगतात अडला. प्रॉम्प्टरने वाक्य दिलं, तेही डोक्यात शिरेना. पडदा पाडावा लागला. त्यानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. बायको गेल्यावर ते मुलाकडे नागपूरला आले आणि स्वयंपाकाच्या कांताबाईंकडून मराठी शिकले. कांताबाई उमरेडच्या. त्यामुळे हे ग्रीक गृहस्थ सुनेपेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलायचे. गार्गीने वर्षभर मिनतवाऱ्या करून त्यांना या एका प्रवेशासाठी तयार केलं होतं. राज्य गमावलेला ग्रीक राजा येतो, आपल्या भाषेत मन मोकळं करतो आणि जातो, एवढंच काम.

आणि आता राजाच हातपाय गाळून बसला होता. प्रॉम्प्टर पियुषला तर ग्रीकचा ग सुद्धा येत नव्हता.

गार्गी त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "बाबा, बाहेर एकाला तरी ग्रीक येतं का? सावजी मसाल्यात काय काय घालतात, ते ग्रीकमध्ये सांगा. फक्त राजासारखं सांगा."

म्हातारबुवा खुदकन हसले. उठले.

राजा बोलू लागला. आधी हळू, मग आवाज चढत गेला. खोकणारे खोकायचे थांबले. नाटकात हमखास डुलकी काढणाऱ्या सुमतीकाकू पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होत्या. मसाला ऐकून माणसं इतकी रडतात, हे गार्गीला नवीनच होतं. हसू दाबायला तिने ओढणी तोंडात कोंबली.

टाळ्या थांबेनात. राजे घामाघूम होऊन विंगेत आले.

"बाबा, कमाल केलीत. खसखस किती घातली?"

लेफ्तेरिसनी मुकुट काढून तिच्या डोक्यावर ठेवला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मसाला उद्या सांगतो वं," ते म्हणाले. "आज अथेन्सचं ते स्वगतच निघालं तोंडातून. पुरंच्या पुरं. एक शब्द नाही सुटला."