जेवणानंतरची कॉफी

क्रातोवोजवळच्या डोंगरगावात स्तोयनाआजींकडे जेवायला थांबलेली हॉलंडची मारित गोंधळून गेली होती. मातीच्या भांड्यातला घेवडा संपवून तिनं कॉफी मागितली, तर आजींनी लाल मिरच्यांची चटणी आणली. पुन्हा मागितली, तर चीज भरलेली पोळी. तिसऱ्यांदा अंजिराचा मुरंबा.

"आजी, घरात कॉफी संपलीय का?"

"डबाभर आहे की!"

"मग माझं काही चुकलं का?"

"नाही गं पोरी." आजी खुर्चीत टेकल्या. "जेवणानंतरची कॉफी दिली, की आमच्याकडे पाहुण्यानं उठायचं असतं. आणि मार्चपासून या टेबलावर दुसरं ताट आजच मांडलंय मी."

मारितनं मुरंब्याची वाटी पुढं ओढली.

"खरं सांगू आजी? मला कॉफी आवडतच नाही."