नऊ नंबरचं ताट

संध्याकाळच्या जेवणाची गाडी नऊ नंबरच्या खाटेपाशी न थांबताच पुढे गेली, तसा ज्ञानोबा खिलाऱ्यांचा चेहरा खुलला. या वॉर्डात ज्याला घरी सोडायचं असतं त्याचं रात्रीचं ताट येत नाही, हे त्यांना एव्हाना पाठ झालं होतं.

"हौसा, गाठोडं बांध," ते बायकोला म्हणाले. "आणि जरा भांग पाडून दे."

सुमित्रा सिस्टर दारातच थबकली. ते ताट तिनंच सकाळी बंद केलं होतं. कुठली खाट कधी आणि कशानं रिकामी होणार, हे हल्ली यंत्र आधीच सांगायचं. त्याच्या पडद्यावर नऊ नंबरपुढे उमटलं होतं, 'संध्याकाळपूर्वी, मृत्यू.' यंत्र सहसा चुकत नसे. मग अन्न कशाला वाया घालवा, इतकाच साधा विचार तिनं केला होता. पुढच्या पेशंटची माणसं तर उशी-चादर घेऊन बाहेर बसलीही होती.

आणि म्हातारा भांग पाडून घेत होता.

तिनं स्वतःचा डबा आणून त्यांच्यापुढे उघडला.

"बाबा, आज नाही सोडत. स्वयंपाकघराकडून चूक झाली. जेवून घ्या."

ज्ञानोबांनी गाठोड्याकडे एकदा पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला.

"त्या स्वयंपाकघरातल्यांना बोलू नको हं, पोरी," ते म्हणाले. "दिवसभर राबतात बिचारे. चुकतं माणसाचं."

सुमित्राला मान वर करवेना.